गेडाम सरांची पाटी

ठरवून मोडलेली गोष्ट माणसाने किती वेळा पुन्हा ठरवावी? गेडाम सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथासाठी लिहायला बसले, तेव्हापासून हा प्रश्न समोर आहे.

सरांची पहिली ओळख एका दगडी पाटीमुळे झाली. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी आठवीत आले, तेव्हा विज्ञानाच्या खोलीच्या दारावर ती टांगलेली होती. तिच्यावर लिहिले होते, ‘दिवस तिसरा’. आम्ही विचारले, तेव्हा सर म्हणाले, “मी खर्रा सोडून राह्यलो. आज तिसरा दिवस. कोनाले माह्या तोंडाचा वास आला, त सांगजा.”

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे घरोघरी, बायामाणसेही खातात. पण तो सुटत नाही हे मुलांसमोर कबूल करणारे शिक्षक आम्ही पाहिले नव्हते.

पाटी एकेचाळीसपर्यंत गेली आणि धानाची रोवणी आली. पुढे केलेला खर्रा नाकारणे म्हणजे देणाऱ्याला कमी लेखणे. म्हणून सरांनी आपल्या शेतावर तोडगा काढला. खायचा नाही, पण सगळ्यांसाठी आपणच घोटून द्यायचा. तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी बांधावर एक वहिनी म्हणाली, “घोटता बी तुमीच, अन् खात बी नाई? जहर त नाई टाकलं न सर?” सगळे हसले. सरही हसले आणि हसता हसता चिमूट तोंडात गेली. माझी आई त्या रोवणीत होती. तिनेच घरी येऊन सांगितले.

सर ही गोष्ट लपवतील असे आम्हाला वाटले होते. सकाळी पाटीवर ‘दिवस पहिला’ होता. मुले दिवसभर फिदीफिदी हसत होती. मुख्याध्यापकांनी पाटी काढायला सांगितली, तेव्हा सर आमच्यासमोरच म्हणाले, “काढतो साहेब. पर पोट्टे काय समजतीन? सर हारले, असंच न?” पाटी राहिली. त्यानंतर सर रोवणीला भाजलेल्या जवसाचा डबा नेऊ लागले आणि कोणाची पन्नी पुढे येण्याआधी आपला डबा पुढे करू लागले. तरीही ते आणखी दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी पुसली. आज तिच्यावर चार आकडी संख्या आहे. निवृत्तीनंतरही सर रोज सकाळी ती पुसून नवी लिहितात.

सरांचे माझ्यावरचे ऋण सांगायचे, तर एक गोष्ट उघड करावी लागेल. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गावातल्या एका लग्नात पंगतीत सर समोर बसले होते. मी पुरीचे अगदी बारीक तुकडे करते आहे, हे त्यांनी पाहिले. हात धुताना त्यांनी हळूच विचारले, “पोरी, तीन बोटं उभी तोंडात जातात का?”

“जातात न सर.”

“मंग दाखव.”

दोनच गेली. तिसऱ्याला जागा नव्हती.

“कवापासून?”

“सातवीत होती तवापासून. आईसंग मोहफुलं येचाले जायची. भूक लागू नये म्हनून आई खर्रा द्यायची.”

सर रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते मला आणि आईला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, “जेवढं आखडलं ते सगळं मोकळं होईल असं नाही. पण खर्रा थांबला नाही, तर उरलेलं तोंडही मिटत जाईल.” येताना सरांनी नवी पाटी घेऊन दिली. ती मी पेटीत, कपड्यांखाली ठेवली. घरातली पहिली पदवीधर आहे मी. लोक ती वाचून काय म्हणतील, याची मला धास्ती होती.

पुढे त्याच शाळेत मी सरांची सहकारी झाले. चार वेळा खर्रा सोडला, चार वेळा घसरले, आणि प्रत्येक वेळी कोणाला कळू दिले नाही. गेल्या महिन्यात या ग्रंथाच्या बैठकीत हा लेख माझ्याकडे सोपवला गेला आणि त्याच बैठकीत पन्नी फिरली, तेव्हा मी हात पुढे केला. सर शेजारीच होते. त्यांनी जवसाचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि समितीशी बोलत राहिले. त्यानंतर हा लेख मी तीनदा सुरू करून फाडला.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांच्या पाटीवर पाचवा आकडा चढो आणि तो त्यांनीच लिहावा, एवढे मागणे आहे.

परवा पेटीतून पाटी काढताना आईने हात धरला. “आता तू बाई झाली शाळेतली. पोट्टे हासतीन तुले.”

“सरले बी हासले होते न, आई.”

काल सकाळी ती पाटी मी आठवीच्या वर्गाच्या दारावर टांगली. पहिल्या बाकावरच्या मुलीने मोठ्याने वाचले, “दिवस पहिला. बाई, कशाचा?”

मी वर्गाला सांगितले.