राहून गेलेली हाक

दिवाळीच्या सुटीत आईला घेऊन दारव्हा रोडवरच्या त्या बंद पडलेल्या बालोद्यानात गेले. फाटक ढकललं आणि तळहाताला गंजाचा वास लागला. त्या वासानं मला पुन्हा आठ वर्षांची केलं.

तेव्हाही दिवाळीच होती. आकाशपाळण्यात मी अगदी वर असताना लाइट गेली. खाली आई मुंगीएवढी दिसत होती. वाऱ्यानं पाळणा करकरत होता आणि मी दांडा इतका घट्ट धरला होता, की खाली उतरवल्यावरही बोटं उघडेनात.

आमच्याकडे लेकरू जिथं भ्यालं, तिथून निघताना मागं वळून त्याला नावानं हाक मारतात. नाही तर त्याचा जीव तिथंच राहतो म्हणतात. त्या दिवशी शेवटची गाडी पकडायच्या घाईत आई हाक मारायची विसरली. पुढं मी झोपेत दचकले, की ती हळहळायची, "माह्याच्यानं हाक माराची राह्यली वं बेबी." मला हसू यायचं.

आता आई बरंच काही विसरते. झुडपांनी वेढलेला पाळणा तिनं गुमान पाहिला. फाटकाशी आल्यावर मात्र ती थबकली, मागं वळली.

"बेबी, चाल वं घरी!"

"आई, मी इथंच आहो ना." मी तिचा हात दाबला.

तिनं माझ्याकडं परक्या नजरेनं पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

"जराशा थांबा न बाई," ती म्हणाली, "माही पोरगी वरतं अडकली हाय."