डिकीतला सीलबंद डबा: रियाध ते तुरैफ, जानेवारीत

माझी बायको मेघना तुरैफच्या सरकारी हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर आहे. मी आणि आमची अकरा वर्षांची इरा रियाधला. माझी बँकेतली आयटीची नोकरी, तिची शाळा. तुरैफ म्हणजे सौदीच्या नकाशात पार वर, जॉर्डनच्या सीमेजवळ. मधे तेराशेच्या आसपास किलोमीटर. तीन वर्षं आमचा संसार व्हिडिओ कॉलवर चाललाय. जानेवारीत इराला सुट्टी होती आणि मेघनाला तीन दिवसांची रजा मिळाली, तेव्हा ठरलं की आम्ही गाडीने तिच्याकडे जायचं आणि तिघांनी मिळून तबूककडच्या डोंगरात बर्फ बघायचा. मेघनाचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. पुन्हा सही करायची, की नोकरी सोडून रियाधला आमच्याजवळ यायचं, हे तिला सहलीनंतर रविवारी हॉस्पिटलला सांगायचं होतं. "येईन बहुतेक," असं ती म्हणाली होती. त्या 'बहुतेक'वर मी आठवडाभर तरंगत होतो.

निघायच्या आधी तिने मला एकच काम सांगितलं होतं. तिच्या हॉस्पिटलचा अँब्युलन्स ड्रायव्हर इद्रिस, सुदानचा, थंडीत गाड्या कशा मरतात हे तिला सांगत असतो. ती म्हणाली, "मंदार, इथे सकाळी उणे पाच असतं. तुझ्या गाडीत कुठलं तेल आहे बघ. टर्बो आहे ना तिला? पातळ तेल घालून मगच निघ."

आता थोडं तेलाबद्दल, कारण ही पोस्ट वाचून कुणीतरी उत्तरेला निघेलच. डब्यावर दोन आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, छोटा टर्बो. तिच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय झीरो डब्ल्यू ट्वेंटी. पण ऑक्टोबरमध्ये, गरमी अजून होती तेव्हा, सनाइयातल्या रशीदभाईने, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने, ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी घातलं होतं. "पचास डिग्री में पतला तेल पानी हो जाता है साब. गाढ़ा डालो, टेन्शन खलास." मलाही पटलं. आपल्याकडे घट्ट ते कसदार, मग वरण असो की इंजिन ऑइल.

मेघनाच्या सांगण्यावरून मी पातळ तेलाचा चार लिटरचा डबा आणला, हे खरं. रशीदभाईकडे गेलो, हेही खरं. पण काचेवरच्या स्टिकरप्रमाणे जुन्या तेलात अजून तीन हजार किलोमीटर शिल्लक होते! चांगलं तेल ओतून द्यायचं? आमच्या घरात टूथपेस्टची नळी कापून आतली पेस्ट काढतात, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून हलवतात. हात होईना. डबा डिकीत ठेवला, म्हटलं तिकडे लागलंच तर बघू. न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली रोज सकाळी दगड झालेली दिसत होती, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

त्या संध्याकाळी मेघनाचा फोन आला. "तेल बदललंस?"

"हो, केलं."

शेजारी इरा बसली होती. डबा डिकीत तिनेच ठेवला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी डोळा मारला. मग ती फोनकडे तोंड करून म्हणाली, "हो आई, मी बघितलं." तेव्हा मला काय कौतुक वाटलं होतं पोरीचं! आग लागो त्या कौतुकाला.

मंगळवारी सकाळी निघालो. रियाध ते हाइल रस्ता म्हणजे लोणी. कसीममध्ये थांबून फूल आणि तमीस खाल्लं; फूल म्हणजे घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांसारखं काहीतरी, वर ऑलिव्हचं तेल, आणि तमीस म्हणजे तंदूरची परातीएवढी रोटी. दोघांचं पोट पंधरा रियालात भरतं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. संध्याकाळच्या आत हाइलला पोचलो. फर्निश्ड अपार्टमेंट दीडशे रियालात मिळालं. हीटर चालतो का हे आधी लावून बघा, मगच पैसे द्या.

बुधवारी सकाळी हाइलमध्ये काचेवर दव गोठलं होतं. गाडीने स्टार्टर फिरवताना असा आवाज काढला की एखादा म्हातारा खुर्चीतून उठतोय. चालू झाली तर वरून खडखड. आत गरम व्हावं म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. वाचकहो, हे कधीही करू नका. गारठलेलं घट्ट तेल तळातून वर चढायलाच वेळ घेतं, आणि टर्बोची दांडी तर पहिल्या क्षणापासून भन्नाट फिरते, कोरडी.

"बाबा, धिस साउंड इज नॉट नॉर्मल," इरा म्हणाली.

"थंडीने होतं गं. गरम झाली की गप्प बसेल."

आणि बसली की गप्प! म्हणून तर फसलो. नफूदची तांबडी वाळू, जौफच्या ऑलिव्हच्या बागा, मग अरअरकडून तुरैफपर्यंत जुन्या पाइपलाइनच्या कडेने सरळसोट रस्ता. एके काळी या नळांतून देशाचं तेल समुद्रापर्यंत वाहायचं. ते बघत मी इराला तेलाचा इतिहास सांगत होतो. अकलेचे तारे तोडत होतो म्हणा.

मेघना हॉस्पिटलच्या क्वार्टरच्या दारात शाल लपेटून उभी होती. इरा धावत जाऊन तिला चिकटली ती सुटेचना. त्या रात्री पिठलं-भात जेवलो. मेघनाने राजीनाम्याचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी. मी तो तीनदा वाचला. पुढे जे झालं त्यामुळे तो कागद मला अजून दिसतो.

गुरुवारी सकाळी उणे सहा होतं. गाडी चौथ्या प्रयत्नाला चालू झाली. तेलाचा लाल दिवा लागला, बराच वेळ राहिला, मग विझला. मेघनाने विचारलं, "तेल नवीन आहे ना?" मी म्हटलं, "हो गं बाई." मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "हो आई."

तबूकच्या वाटेवरचं कुरय्यात नावाचं गाव मागे टाकून थोडंच पुढे गेलो असू. शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, मग किंचाळल्यासारखा. पिकअप गेला. आरशात बघतो तर मागे निळा धूर. गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना काळे दगड आणि वारा, बाकी काही नाही. इरा कुडकुडत होती म्हणून मेघना तिचं दुसरं जॅकेट काढायला डिकीकडे गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी उतरलो.

तिच्या हातात तो डबा होता.

"हा कसला?"

"जास्तीचा आणलाय. जवळ असावा."

तिने झाकण फिरवून बघितलं. सील तसंच. मग पुढे आली आणि काचेवरचं स्टिकर वाचलं. त्यावर रशीदभाईच्या अक्षरात ऑक्टोबरची तारीख आणि तेलाचा नंबर, दोन्ही होतं.

"आई, खरंच बदललं," इरा खिडकीतून ओरडली. "आय सॉ! बाबांनी बदललं!"

मेघना तिच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. "इरा, काय बघितलंस तू?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबांनी डोळा मारला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला टेन्शन नको."

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिथली धरणीसुद्धा गोठलेली होती.

एका पिकअपवाल्या बदूने, म्हणजे वाळवंटातल्या अरबाने, थांबून सत्हा बोलावून दिला, म्हणजे गाडी पाठीवर टाकून नेणारा ट्रक. त्याने थर्मासमधला गोड चहा आम्हाला पाजला आणि पैसे विचारले तर रागावला. कुरय्यातच्या गॅरेजात येमेनी मेकॅनिकने टर्बोचा पाइप काढला, आतलं चाक बोटाने हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. "तुर्बो खलास," तो म्हणाला. मग तेलाची काडी काढून बोटांत चोळली आणि विचारलं, "हे तेल कोणी घातलं? इथे? हिवाळ्यात?" पार्ट रियाधहून यायला आठवडा लागणार होता.

तीन दिवसांची रजा कुरय्यातच्या एका अपार्टमेंटमध्ये, हीटरसमोर बसून संपली. बर्फ कुणी बघितला नाही. मेघना इराशी पत्ते खेळली, तिची वेणी घातली, माझ्याशी चहा हवा का एवढंच बोलली. शनिवारी दुपारी तिची तुरैफची टॅक्सी आली तेव्हा मी तिची बॅग खाली नेली.

"रविवारी काय सांगणार?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"सही करते," ती म्हणाली. "नोकरी सोडली असती तर घर तुझ्या पगारावर आणि तुझ्या शब्दावर चाललं असतं. पगाराची मला काळजी नव्हती."

"मेघना, एका तेलासाठी?"

"तेल गेलं खड्ड्यात रे. तू तिला शिकवलंस."

मी आणि इरा विमानाने परतलो. गाडी नवा टर्बो लावून दोन आठवड्यांनी आली. आता तिच्यात तोच डिकीतला डबा ओतलाय, झीरो डब्ल्यू ट्वेंटी, पुस्तकाप्रमाणे. थंडीत चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबतो, ॲक्सिलरेटरला पाय लावत नाही, लांबून आल्यावर बंद करण्याआधी थोडा वेळ नुसती चालू ठेवतो. उत्तरेला जाणाऱ्यांनी एवढं पाळलं तर गाडी नीट जाईल आणि नीट परत येईल. रस्ता सुंदर आहे, माणसं त्याहून चांगली. जरूर जा. आमच्यासारखे जाऊ नका.

मेघनाने आणखी एका वर्षाची सही केली. फोन रोज होतो. फक्त एक फरक पडलाय, मी "हो, केलं" म्हटलं की पलीकडून येतं, "फोटो पाठव." शाळेच्या फीची पावती, इराचा डबा, गॅसचा बंद केलेला नॉब, सगळ्याचे फोटो.

गेल्या आठवड्यात इराला खोकला होता. मेघनाने फोनवर विचारलं, "संध्याकाळचं औषध दिलं?" मी लॅपटॉपवर होतो. सवयीने बोलून गेलो, "हो, दिलं." दिलं नव्हतं.

"फोटो पाठव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी उठेपर्यंत इरा स्वयंपाकघरातून रिकामा चमचा घेऊन आली होती. तो तिने तोंडाजवळ धरला, चेहरा कडू केला.

"बाबा, फोटो काढा ना," ती म्हणाली. "घेतल्यासारखं दिसतंय."