मातीच्या भिंतीवरचा निळा रंग
घर रंगवायला काढलंय, आणि ऑइलपेंटच्या वासासरशी मला कळमनुरीकडच्या एका गावातलं मातीच्या भिंतींचं प्रार्थनाघर आठवलं. पुण्याहून आमच्या चर्चची आम्ही सहाजणं आठ दिवसांच्या सेवेसाठी गेलो होतो. थाट असा, की आठ दिवसांत गावाचा कायापालट करूनच परतणार. प्रार्थनाघर सांभाळणाऱ्या मावशी रोज आम्हाला पिठलं-भाकरी वाढायच्या आणि आम्ही भिंतींना निळा ऑइलपेंट फासायचो. निघताना फोटो काढले, देवाचे आभार मानले. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले, तर भिंती पांढऱ्या मातीनं स्वच्छ सारवलेल्या. "पावसाळ्यात पापुद्रे सुटले, माय. मातीवर त्यो रंग टिकत न्हाई," मावशी म्हणाल्या. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" "तुमी इतक्या लांबून आलते, हौसेनं करून राहिले व्हते. काहून हिरमोड करायचा म्हणलं." मी मान खाली घातली, तशी हाताला धरून त्यांनी मला दारामागे नेलं. तिथे वीतभर निळा तुकडा त्यांनी न सारवता ठेवला होता. "सारवताना इथं आले की हात थांबतो माजा. तुमा सहाजणांची नावं घेऊन प्रार्थना करते, मंग पुढं सारवते." आज रंगाऱ्यांना चहा देताना मी त्यांची नावं विचारली, आणि लक्षात आलं, मावशींचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.