खुर्चीची परीक्षा

टेलरबाईंना एक खोड होती. कपडा शिवून झाला की त्या गिऱ्हाइकाला तो घालायला लावायच्या, समोर खुर्चीत बसवायच्या आणि अर्धा तास नुसत्या गप्पा मारायच्या. गप्पा तरी कसल्या? शेजारणीचं मांजर, नळाचं पाणी, कुणाच्या सुनेनं कुणाला काय सुनावलं. गिऱ्हाईक बिचारं मनात म्हणायचं, बाई, मापाचं बघा की! पण बाई मापाचंच बघत असायच्या. बोलता बोलता गिऱ्हाइकानं एकदा जरी खाली, आपल्या कपड्याकडे बघितलं, की बाई उठायच्या. "काढा. उसवते."

कारण बाईंची गिऱ्हाइकं म्हणजे माणसं चारचौघांसारखीच, अंगं तेवढी जरा वेगळी. चाकाच्या खुर्चीतल्या वकीलबाईंचंच बघा. दिवसभर बसून असणाऱ्याची पँट मागून खाली सरकते आणि पुढून पोटावर गोळा होते, हे बाजारातल्या किती शिंप्यांना माहीत असतं? बाईंनी मागची बाजू चार बोटं उंच केली, पुढची उतरवली आणि मागचे खिसे काढूनच टाकले. जाड शिवणीवर तासन् तास बसलं की कातडी सोलवटते हो! दृष्टी नसलेल्या संगीतमास्तरांच्या कॉलरमध्ये त्यांनी दोऱ्याच्या गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे पांढरा, दोन म्हणजे निळा. मास्तर ऐटीत सांगायचे, "माझ्या डोळस भावापेक्षा माझे रंग बरे जुळतात." आणि हे सगळं आतून. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळता कामा नये, हा बाईंचा हट्ट.

हा हट्ट आला दादामुळे. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. छापखान्याच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि बाई शेजारच्या काकूंकडे काजं-बटणं करायला शिकत होत्या. दादाची बटणं आई लावून द्यायची. एवढा थोराड माणूस, पण शाळेत निघालेल्या पोरासारखा हनुवटी वर करून आईपुढे उभा राहायचा. दोन महिन्यांत त्यानं बाहेर पडणंच सोडलं. मित्र बोलवायला आले की हा तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचा. बाईंना ते बघवेना. त्यांनी त्याच्या शर्टाची काजं शिवून बंद केली, बटणं वरून नुसती दिखाव्याला लावली आणि आत वेल्क्रोची चिकटपट्टी बसवली. वरून एक हात फिरवला की शर्ट बंद!

दादा तो घालून कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेला. बाई खिडकीत उभ्या. दोन तास तो मित्रांमध्ये बसला, हसला, कुणाशी तरी कडाकडा भांडलासुद्धा, आणि एकदाही त्यानं शर्टाकडे बघितलं नाही. बाई खिडकीतच पोटभर रडल्या. खुर्चीची परीक्षा तिथून सुरू झाली.

त्याला आता बत्तीस वर्षं झाली. बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, छत्तीस पायऱ्या, लिफ्टचं नाव नाही. गिऱ्हाइकांना वर येणं जमायचं नाही, म्हणून पिशवी खांद्याला अडकवून बाईच घरोघर जायच्या. यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "जिना दिवसातून एकदा. तोही रेटून नाही." झालं! इकडे आड, तिकडे विहीर. तीन कपडे शिवून महिनाभर खुंटीला लटकत होते आणि खुर्चीत बसवायला माणूस नव्हतं.

दादा म्हणाला, "आता एक लिफ्ट शिवायला घे."

"तुझं तोंड शिवते आधी," बाई म्हणाल्या.

मग वकीलबाईंनी परस्पर एक काम केलं. वस्तीचं नागरी मंडळ दरवर्षी दिव्यांगांना आधार देणाऱ्यांचा सत्कार करायचं. त्यांनी तिथे बाईंचं नाव दिलं, आणि सत्काराबरोबर वाचनालयाशेजारची तळमजल्यावरची खोली कामासाठी मिळावी, असा अर्जही ठोकला. बाई खोली बघून आल्या. दाराची रुंदी टेपनं मोजली. चाकाची खुर्ची सहज आत येईल. उंबऱ्याच्या जागी बोटं फिरवली, तर फरशी सपाट. खिडकीपाशी मशीन, त्या भिंतीला आरसा, मधे खुर्ची. उभ्या उभ्या मनात संसार मांडून झाला. इतकी हाव बाईंना आयुष्यात कशाची सुटली नव्हती.

माशी शिंकली ती अध्यक्षांपाशी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. आवाज असा की ऐकणारा आपोआप सरळ बसावा. ते म्हणाले, "सत्काराच्या वेळी तुमचे दोन-तीन लाभार्थी स्टेजवर आणा. कपडा कसा उघडतो, कसा बंद होतो, लोकांना प्रात्यक्षिक दाखवा. लोकांनी बघितल्याशिवाय खोली दिली तर कार्यकारिणी मला सोलून काढेल."

"साहेब, ते चारचौघांत दिसू नये म्हणूनच तर मी शिवते."

"दिसलं नाही तर पटणार कसं?" अध्यक्ष म्हणाले. "प्रात्यक्षिक नाही, तर खोली नाही."

आता गंमत ऐका. अध्यक्षांच्या बायकोनं दोन वर्षांपूर्वी त्याच छत्तीस पायऱ्या चढून बाईंचं दार वाजवलं होतं. धापा टाकत म्हणाल्या, "ह्यांचं ऑपरेशन झालंय. लघवीची पिशवी मांडीला बांधावी लागते, कायमची. सहा महिने घराबाहेर पाऊल नाही. कुणाला कळलं तर जीव देतील. तुम्ही शिवलंय हेही मी सांगणार नाही, पँट बाहेरून मागवली म्हणेन." बाईंनी जुन्या पँटवरून माप घेतलं. डाव्या पायात आतून झोळी, आतल्या शिवणीत चेन, वरून कडक इस्त्रीची करडी पँट. पण जो माणूस बघायचाच नाही त्याची परीक्षा कशी घ्यायची? बाईंनी ती बायकोला शिकवून पाठवली. पँट दोनदा परत आली. तिसऱ्यांदा बायको एकट्याच आल्या, पदराआड हसू आवरत. "नाही बघितलं हो खाली! मी मांजराचं सुरू केलं, तर म्हणतात, आपल्या शेजारी मांजरच नाही, तुला आज झालंय काय?"

दुसऱ्या आठवड्यात अध्यक्ष मंडळाच्या बैठकीला हजर झाले.

हे बाईंनी दादालाही सांगितलं नव्हतं. आताही अध्यक्षांच्या कानात एक वाक्य टाकलं असतं की काम फत्ते होतं. तोंडाशी आलंही होतं. बाईंनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

घरी दादा म्हणाला, "मी येतो स्टेजवर. दाखव माझा शर्ट. म्हातारपणी कसली लाज?" बोलला खरा, पण बोलताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत खिशात गेला होता. बाईंनी ते बघितलं.

"तू खाली बस आणि टाळ्या वाजव," त्या म्हणाल्या.

"एका हातानं?"

"मांडीवर वाजव."

सत्काराच्या दुपारी सभागृह भरून गेलं होतं. बाई कठडा धरून स्टेजच्या पाच पायऱ्या चढल्या. एका बसचालकाचा सत्कार झाला, एका खुणांची भाषा शिकवणाऱ्या ताईंचा झाला, मग भाषणं, आणि भाषणांवर भाषणं. मधल्या खुर्चीत अध्यक्ष पायावर पाय टाकून बसले होते. करड्या पँटची घडी सरळ रेषेत पडली होती. दोन तासांत त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. बाईंना ते मोजायचं नव्हतं, पण नजरेची खोड जाते थोडीच!

मानपत्र वाचून झालं. अध्यक्ष माईकवर आले. "आता टेलरबाई आपल्या कामाचं प्रात्यक्षिक देतील. तुमचे कोण कोण आलेत?"

सभागृहात बाईंची अकरा माणसं होती. अकराही बाईंना दिसत होती, आणि त्या क्षणी अकराही खुर्चीत बोटभर खाली सरकली.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. गेली खोली.

कुजबुज झाली. अध्यक्षांचा आवाज चढला. "मग तुमचं काम चांगलं आहे हे लोकांनी कशावरून मानायचं? तुम्हाला तरी कसं कळतं?"

कामाचं विचारलं की बाईंची जीभ थांबत नसे. "कसं कळतं म्हणजे? खुर्चीत बसवते. शेजारणीच्या मांजरापासून नळाच्या पाण्यापर्यंत अर्धा तास बडबड करते. माणसानं तेवढ्यात एकदाही खाली कपड्याकडे बघितलं नाही, की..."

आणि बाईंनी जीभ चावली. पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या बायकोचा रुमाल तोंडावर गेला होता.

"मांजर?" अध्यक्षांनी विचारलं. तो दरारा कुठल्या कुठे गेला होता.

"मांजर कुणाचंही चालतं," बाई कशाबशा म्हणाल्या.

अध्यक्षांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं मान खाली घातली. त्यांचा डावा हात मांडीकडे निघाला, अर्ध्यात थबकला आणि परत आला. खोली गेली तर गेली, चुलीत जाऊ दे ती खोली! पण हा माणूस उद्यापासून पुन्हा घरात बसला तर? बत्तीस वर्षांचं नाव आपल्याच जिभेनं मातीत घातलं. खाली कुणीतरी खोकलं.

अध्यक्षांनी माईक सरळ केला.

"प्रात्यक्षिक झालेलं आहे," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. दोन तास चाललं. कार्यकारिणीनं नोंद घ्यावी."

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. तिसऱ्या रांगेतून दादा ओरडला, "कधी झालं? मी काय झोपलो होतो?" सभागृह खो खो हसलं, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या.

खोलीची चावी स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला, टेबलावर होती. ती आणायला कुणालाही सांगता आलं असतं. अध्यक्ष स्वतः निघाले. भरल्या सभागृहासमोर तिथवर चालत गेले, चावी उचलली, परत आले. बाईंची नजर त्यांच्या मानेवर खिळली होती. मान ताठ होती, जाताना आणि येतानाही.

बाईंच्या हातात चावी देताना ते ओठ न हलवता म्हणाले, "चेन जरा अडकते. सोमवारी खोलीवर येतो. मी स्वतः."

बाईंना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात मानपत्र, दुसऱ्यात चावी.

"या," त्या म्हणाल्या. "अर्धा तास हाताशी ठेवून या."