मनीराम पहिलवानाची पाठ

मनीराम पहिलवान उताणे झोपत नसत. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या वस्तीतली माणसं खाटांवर हातपाय पसरून पडायची, आणि हे विहाराच्या सावलीत, भिंतीपासून वीतभर पुढे, ताठ बसून झोपायचे. डोळे अर्धे उघडे. छाती हलताना दिसायची नाही. आम्ही पोरी पैज लावून त्यांच्या नाकाशी बोट धरायला जायचो. बोट जवळ गेलं की ओठ न हलवता आवाज यायचा, "जित्ता आहो वं, जाय."

"पाठ टेकली का कुस्ती सरली," एवढंच ते कारण सांगायचे.

ही पाठ त्यांनी तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहून कमावली होती. कुस्त्यांच्या दंगलीत आमच्या वस्तीतल्या पोराची जोड लावायची वेळ आली की पंचांना नेमकी पान खायची आठवण व्हायची. मनीराम लंगोट कसून आखाड्याच्या कडेला उभे राहायचे, उन्हं कलेपर्यंत. शेवटी लोकच ओरडायचे, लावा जोड! मग जे व्हायचं ते फार लवकर व्हायचं. त्यांना चीत झालेलं पाहिलेला माणूस आमच्या जिल्ह्यात नाही. पुढे जंगलात शूटिंगला आलेल्या एका कंपनीची गाडी चिखलात रुतली, ती यांनी एकट्याने उचलून बाहेर काढली. कंपनी गाडीसकट त्यांनाही घेऊन गेली.

पडद्यावर ते राक्षस झाले, गुंड झाले, कैदी झाले. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात गेले होते. माझे बाबा सभांमधून पत्रकं आणायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांवरच, आणि आता स्वतःही पत्रकं काढत होते. मी पहिलवानांना भर रस्त्यात अडवलं.

"बाबा, तुम्ही दरवेळी राक्षसच काहून बनता?"

"मी कायले बनू? मी नुसता उभा रायतो. माह्याकडं पाहून तेच मले राक्षस म्हनते." मग हसून म्हणाले, "लिह्य हे तुह्या पत्रकात, पत्रकवाली."

सिनेमावाल्यांना त्यांची एकच अट असे. मार खाईन, तोंडावर पडेन, कुशीवर पडेन. उताणा पडणार नाही. लोक हसून मान्य करत. शेवटच्या सिनेमात मात्र हिरोला त्यांच्या छातीवर पाय ठेवायचा होता. दिग्दर्शकाने समजावलं, मग आवाज चढवला. पहिलवानांनी तोंडावरचा रंग पुसला आणि दुसऱ्या दिवशी ते काम सोडून तुमसर रोड स्टेशनवर उतरले. त्याच्या आधीच्या आठवड्यात कंपनीने त्यांना एका गोल खोलीत उभं केलं होतं. चारी बाजूंनी कॅमेरेच कॅमेरे. हात पसरा, रागवा, तोंड वासा, आता डोळे मिटा. त्यांना वाटलं, कपड्यांचं माप घेत असतील.

गेल्या वर्षी अड्याळच्या बाजारात आम्ही चहा पीत बसलो होतो. एक पोरगा मोबाइल नाचवत आला. "बाबा, काय मेले तुमी! एक नंबर!"

मोबाइलमध्ये मनीराम पहिलवान तांबड्या मातीत उताणे पडले होते. तीच छाती, भुवईवर तीच चिरलेली खूण, छातीवर बूट. डोळे हळूहळू मिटत होते. माझ्या शेजारी बसलेल्या मनीरामांनी कप खाली ठेवला.

"हा मी नाही. मी असा कधी पडलोच नाही."

"कम्प्युटरवर करते ना बाबा आता."

"मंग पडला कोन?"



मी पेटले. पत्रक काढलं. माणसाचं अंग त्याच्या मर्जीशिवाय पायाखाली घालायची रीत जुनीच आहे, फक्त यंत्र नवं आलं, असं लिहिलं आणि बाजारात वाटलं. लोक म्हणाले, "सिनेमाच तर होय वं, एवढी कायले तापून राहिली?" पहिलवानांनी ते सावकाश वाचलं आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. त्या दिवसापासून ते भिंतीपासून हातभर पुढे बसू लागले.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. बंडी वर केली. "पाह्य वं, माती लागली काय?"

मी भूतखेत मानत नाही. आमच्या घरात तावीज नव्हते, पत्रकं होती. तरी जे दिसलं ते सांगते. पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये वाळलेल्या मातीचा पट्टा होता. आमच्या वस्तीतली माती काळी. ही तांबडी होती.

"काही नाही बाबा," म्हणत मी ओढणीने पुसली.

"खरं सांग."

"होती. पुसली."

त्यांनी बंडी खाली ओढली. "मंग पुसत राय," म्हणाले.

मी पुसत राहिले. काही दिवस पाठ स्वच्छ असे, काही दिवस नसे. तिकडे कुणी मोबाइलवर तो सिनेमा लावला असेल, असं ते म्हणत. मी त्यावर वाद घातला नाही.

या थंडीत एकदा उन्हं डोक्यावर आली तरी ते हलले नाहीत. शेजारच्या लहान पोरीने नाकाशी बोट धरलं आणि वाट पाहिली. मग ती रडत घरात पळाली.

भंडाऱ्याहून त्यांची मुलगी संघमित्रा येईपर्यंत अंग बसल्या बसल्या आखडलं होतं. वस्तीतले वडीलधारे म्हणाले, "गुडघे दाबा, उतानं करा. रीत आहे."

"माह्या बापाची पाठ नाही टेकनार," संघमित्रा म्हणाली.

"मंग काय बसवून नेतं काय? हा सिनेमा नोहे, पोरी!"

तिने नुसता हात वर करून विहाराच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे महापरिनिर्वाणाचं चित्र आहे. तथागत उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली. म्हाताऱ्यांनी चित्राकडे पाहिलं, पहिलवानांकडे पाहिलं आणि टोप्या काढल्या.

तिरडीवर कुशीवर, सरणावर कुशीवर. अग्नी देण्याआधी आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो. संघमित्राने चादर सारली. तिला वडिलांनी सगळं सांगितलं होतं.

"लागली काय वं?" तिने हळूच विचारलं.

मी हात फिरवला. बोटं तांबडी झाली. ओढणीने पुसलं, कडा पुसल्या, पुन्हा पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."

तो सिनेमा अजून चालतो. पत्रकं संपली की मी पुन्हा छापून आणते.