चंद्रकोरीच्या दोन सुऱ्या

ताडकळसच्या आश्रुबा लोहाराला कौतुक कितीही पचायचं, खोट मात्र एवढीशीही पचत नसे. म्हणून नागेशने पोत्यावर दोन सुऱ्या शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हाच त्याच्या कपाळाला आठी पडली.

नागेश परभणीचा. चांगला नोकरदार माणूस, पण नाद भलताच. न मिटणाऱ्या, अखंड पात्याच्या सुऱ्या जमवायचा. घरात काचेचं कपाट भरलं होतं. पालमच्या एका घरातून त्याला आश्रुबाची वीस वर्षांपूर्वीची सुरी मिळाली, म्हणून हौसेने त्याने आश्रुबाकडूनच तशी नवी करून घेतली होती. दोन्हींवर चंद्रकोरीचा तोच ठसा, दोन्हींना बाभळीची मूठ. नवी दिसायला देखणी, पातं आरशागत. जुनीच्या अंगावर घणाचे वळ अजून दिसत होते आणि मूठ घामाने काळी पडली होती.

“मामा, हे बघा,” म्हणत नागेशने वाळकी फांदी दोन्हींनी छाटली. त्यानंतरही जुनीने कागद सरसर कापला. नवीची धार दुमडली होती. कागद नुसता फाटला.

“लोखंडच आता तसं येईना गेलंय,” आश्रुबा म्हणाला.

म्हणाला खरा, पण मान वर झाली नाही. कोपऱ्यात ट्रकच्या कमानपाट्यांचा ढीग पडला होता, फार वर्षांपूर्वी एकाच खेपेला घेतलेला. जुनी सुरी त्यातलीच होती, नवीही त्यातलीच.

नागेश चाचरत म्हणाला, “आमच्या ग्रुपवरचे म्हणायलेत, जुनी तुमच्या वडलांची असंल. हात येगळा वाटतो म्हणे.”

आश्रुबाचं डोकंच फिरलं. बापाने जन्मभर नांगराचे फाळ केले, सुरीला कधी हात लावला नाही. “बसा हितंच. तुमच्यासमोर करून दावतो!”

एक पातं घडवून, विझवून, घासून तयार होतं. शेवटचं पाणी तेवढं द्यायचं राहिलं होतं. कामातला सगळा जीव तिथेच असतो. पातं हळूहळू तापवलं की चकाकत्या अंगावर रंग धावत येतात. आधी पिवळा, मग गव्हाळ, मग जांभळा. गव्हाळ असतानाच बुडवलं तर धार टिकते, जांभळं झालं की मऊ पडते.

चिमटा हातात धरून आश्रुबा थबकला. जुनी सुरी करताना आपण रंग कसा ओळखला, ते त्याला आठवेना. आठवत होता फक्त एक आवाज. “हं!”

घण त्याची बायको, धुरपताबाई, मारायची. पाणी द्यायची वेळ झाली की घण टेकवून ती समोर उभी राहायची, रंगावर डोळा ठेवायची आणि म्हणायची, “हं!” की याने चिमटा बुडवायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं. तीन वर्षांमागे तिचा खांदा गेला, घणाचं यंत्र आलं आणि तो म्हणाला, “आता घरात बस, लय झालं.” मायेनेच म्हणाला होता. पण त्या दिवसापासून तो अंदाजाने पाणी देत होता आणि लोखंडाला शिव्या घालत होता. त्याला मनापासून लाज वाटली.

“अगं नीलमची माय! जरा हिकडं ये गं!”

धुरपताबाई भिंतीला हात लावत आली आणि आपल्या जुन्या जागेवर उभी राहिली.

“साहेब,” आश्रुबा म्हणाला, “जुनी सुरी माज्या बापाची न्हाई. नुसती माजीबी न्हाई. ह्या बाईची हाय.”

तिने पदर तोंडाला लावला. आश्रुबाने पातं विस्तवावर धरलं. पिवळा आला. तो कान देऊन उभा राहिला. गव्हाळ आला असावा, असं त्याला वाटलं, पण ती काही बोलेना. बघता बघता पातं जांभळं झालं.

“अगं, झोप लागली का काय? रंग निघून गेला की!”

“गेला व्हय?” ती ओशाळून म्हणाली. “मला दिसंना गेलंय ओ. दोन वर्षं झाली, समदं धुरकटच दिसायलंय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी इचारलंच कुठं? घरात बस म्हणलाव, बसले.”

नागेशने खाली बघत सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या. आश्रुबाच्या चिमट्यातलं पातं निळं पडलं, तरी त्याने ते बुडवलं नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या दोन्ही डोळ्यांवरची पांढुरकी साय भर दुपारच्या उजेडात हाताच्या अंतरावरून लख्ख दिसत होती. तेवढं दिसायला कुणी “हं” म्हणायची गरज नव्हती.