अप्पांचा पालथा पेला

मन्मथअप्पा गेल्याचा फोन उदगीरहून आला, तेव्हा मी गुडघ्यांना शेक देत बसलो होतो. शेकाची पिशवी हातात तशीच राहिली...

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या कचेरीला एका बंद आडत दुकानाची जागा मिळाली. ओटा ट्रकच्या फाळक्याएवढा उंच, पोती सरकवायला सोयीचा. तिथे कचेरी थाटणारा ओव्हरसियर मीच. पुढे पाच पायऱ्या होत्या. मुतारी मी मागे, सहा पायऱ्या खाली काढली. अप्पा आमचे टंकलेखक. पोलिओने पाय गेलेले, कुबड्यांवर चालत. सगळ्यांच्या आधी तासभर येत आणि कुणी बघायच्या आत हातांवर रेटत वर चढत. मला ते ठाऊक होतं.

एकदाच म्हणाले, "साहेब, एका अंगानं उतार करून द्या. लई उपकार होतील." दुष्काळाचे दिवस. प्यायला पाणी नाही, बांधकामं बंद आहेत, असं मी सुनावलं. खोटं नव्हतं. पण पंधराच दिवसांत मंत्री येणार म्हणून टँकरच्या पाण्यावर झेंड्याचा ओटा मीच बांधून घेतला. अप्पांनी तो खिडकीतून पाहिला. पुन्हा विषय काढला नाही.

त्यांच्या टेबलावरचा स्टीलचा पेला कायम पालथा असे. दिवसभर पाण्याचा घोट नाही. टंचाईच्या सभेत मी त्यांना कुबड्यांवर उभं केलं आणि म्हणालो, पाणी कसं वाचवावं ते अप्पांकडून शिका. टाळ्या पडल्या. अप्पा मान खाली घालून बसले. मला वाटलं, लाजले. आता स्वतःचीच लाज वाटते.

महिन्याने उदगीरला गेलो. अप्पांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या घराला पायरीच नाही, रस्त्यापासून बैठकीपर्यंत फरशीचा उतार. फोटोपुढे तोच पेला, सुलटा, काठोकाठ भरलेला. वहिनींनी मला पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, अप्पा पाण्याला फार जपायचे.

"कुठलं जपायचे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "खोलीवर आले की दारातच तांब्याभर प्यायचे. हापिसात प्यालं की सहा पायऱ्या उतराव्या लागायच्या, म्हणून तिथं थेंब न्हाई."

त्या पायऱ्या कुणाच्या, हे त्यांना ठाऊक नसावं. किंवा असेलही... मला ते पाणी पिववेना. मी येतानाच त्यांनी माझं लंगडणं पाहिलं होतं.

"प्या की," त्या म्हणाल्या. "मोरी हितंच हाय. पायरी न्हाई."